बोरोमीरची बाजू घेणारच

आज दुपारभर मित्रांमध्ये टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कल्पनारम्य कादंबरीवरून जुंपली होती. एकाचं ठाम मत, शत्रूची जादुई अंगठी नष्ट करायला निघालेल्या चमूतला योद्धा बोरोमीर गद्दार. ती अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोकडून ती हिसकावायला गेला, विषय संपला.

नाही संपत! बोरोमीरचं राज्य गोंडोर पिढ्यान्‌पिढ्या मॉर्डॉरच्या, म्हणजे शत्रूच्या मुलखाच्या, तोंडाशी उभं राहून लढतंय. त्या राज्याच्या कारभाऱ्याचा हा थोरला मुलगा, आपली माणसं मरताना पाहिलेला. शत्रूचंच हत्यार, म्हणजे ती अंगठी, हाती आलंय आणि ते नष्ट करायला एका हॉबिटला (बुटक्या, साध्यासुध्या जमातीतल्या फ्रोडोला) शत्रूच्याच मुलखात पाठवायचं, हे त्याला वेडेपण वाटलं तर नवल काय? नंतर मेरी आणि पिपिन या चमूतल्या दोन हॉबिटांना वाचवताना तो बाणांनी विंधला जातो, मरताना सोबती अ‍ॅरागॉर्नपाशी स्वतःहून कबुली देतो. (सिनेमात हे पहिल्या भागाच्या शेवटी येतं, कादंबरीत दुसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात.)

आणि फ्रोडो? अंगठी जिथे नष्ट करायची त्या माउंट डूम ज्वालामुखीवर तोही अंगठी टाकत नाही, माझीच म्हणून बोटात घालतो. अंगठीच्या मागे लागलेला गॉलम ती बोटासकट तोडून घेतो आणि खाली आगीत कोसळतो, म्हणून ती नष्ट होते. टोल्कीननी पत्रात लिहिलंय की त्या क्षणी अंगठीच्या ओढीपुढे कुणीच टिकलं नसतं. मला हे मनापासून पटतं. पण मग फ्रोडोला माफी आणि बोरोमीरला तेवढी शिक्षा का?

पुढचा वाद ऑर्क (शत्रूच्या सैन्यातले राक्षसी सैनिक) मुळात कोण, यावर आहे. खुद्द टोल्कीननीच त्याचं उत्तर शेवटपर्यंत पक्कं केलं नव्हतं. तुमचं मत सांगा, मला खरंच ऐकायचंय.