नवीन काहीही न करण्यासाठी अनुदान

सोमवार, रात्र

अर्ज उघडून बसले आहे. नेहमीचा प्रश्न आलाच: ‘अनुदानाचा कालावधी संपल्यावर काम कसे सुरू ठेवाल?’ खरं उत्तर तीन शब्दांत मावतं: दुसरं अनुदान शोधू. पण ते कोणी लिहीत नाही. तिकीटविक्री वाढवू, कार्यशाळा घेऊ, प्रायोजक जोडू, असं सगळे लिहितात. यात फारसा दम नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही.

या वेळचं अनुदान मात्र वेगळं आहे, म्हणून तर जागरण. नव्या प्रयोगासाठी नाही, महोत्सवासाठी नाही. कलासंस्थांनी दीर्घकाळ तग धरावा यासाठी आहे. खजिनदार म्हणून वाचताना बरं वाटलं. मग अंदाजपत्रकाचा तक्ता उघडला. त्यात एक ओळ: ‘आस्थापना खर्च, एकूण रकमेच्या कमाल १० टक्के.’

म्हणजे संस्था मजबूत करायची; पण भाडं, वीज, विमा, हिशेबनीस, ऑडिट, व्यवस्थापकाचा पगार, थोडक्यात ज्याला संस्था म्हणतात ते सगळं, १० टक्क्यांत कोंबायचं. उरलेल्या ९० टक्क्यांत ‘क्षमताबांधणी’. सल्लागार नेमा, प्रशिक्षण घ्या, नवी वेबसाइट करा. सल्लागार अहवाल देईल, त्यात लिहिलेलं असेल की तुमच्याकडे राखीव निधी नाही. ते मला फुकटात माहीत आहे.

मंगळवार

दिवसभर रोख आवक-जावकीचा तक्ता घेऊन बसले होते. वर्षाचे बारा स्तंभ, तळाला ‘महिनाअखेरची शिल्लक’. आकडे लाल व्हायला लागतात ते नेमके कुठल्याशा अनुदानाचं काम जोरात असतं तेव्हा. कारण साधं आहे. शेवटचा हप्ता येतो काम पूर्ण होऊन, अहवाल आणि तपासलेला हिशेब गेल्यावर. कलावंतांचं मानधन, दिवे, ध्वनी, वाहतूक हे सगळं त्याआधीच द्यावं लागतं. मधल्या काळात देणाऱ्याचं काम आम्ही आमच्या पैशांवर चालवत असतो, आणि ‘आमचे पैसे’ म्हणजे एका विश्वस्तांकडून हातउसने घेतलेले. अनुदान मंजूर झालं की अभिनंदनाचे फोन येतात. माझ्या पोटात गोळा येतो.

बँकेतली शिल्लक पाहिली तर कोणालाही वाटेल, संस्था सुखात आहे. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक रुपया कुठल्यातरी ठरलेल्या कामाला बांधलेला. मोकळा पैसा किती, म्हणजे उद्या एकही प्रयोग झाला नाही तर किती महिने भाडं आणि पगार देता येतील, हा प्रश्न कोणत्याच अर्जात विचारत नाहीत. निदान तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, असं जाणकार सांगतात. आमचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या व्यवस्थापकबाई पगाराचे चेक लिहितात तेव्हा स्वतःचा सर्वांत शेवटी लिहितात. लिहिला तरी खालच्या खणात, पावतीपुस्तकांच्या खाली ठेवून देतात. बाकीचे वटले की मग आपला भरतात. कधी महिना उलटतो. संस्थेला सर्वांत सातत्यानं आधार देणाऱ्या त्याच, पण देणगीदारांच्या यादीत त्यांचं नाव नाही.

गुरुवार

जुनं वाचून काढलं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिलं होतं की सादरीकरणाच्या कलांचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगानं वाढत राहणार. कारखान्यात यंत्र आलं की कमी माणसांत जास्त माल निघतो आणि मजुरी वाढली तरी भागतं. चार वादकांची रचना मात्र दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ आणि जितकी माणसं घेत होती तितकीच आजही घेते. तीन वादकांत उरकता येत नाही, दुप्पट वेगानं वाजवून चालत नाही. मानधन तर जगाबरोबर वाढायलाच हवं. तेव्हा तूट हा आळशी व्यवस्थापनाचाच पुरावा, असं मानणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. आमच्या कार्यकारिणीतले दोघे डोळ्यांसमोर आहेत.

पण नुसता पैसा ओतून भागत नाही, हेही त्याच साली सुरू झालेल्या एका योजनेतून दिसतं. फोर्ड फाउंडेशननं अमेरिकेतल्या ६१ वाद्यवृंदांसाठी ८ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. त्यातला मोठा भाग कायम निधीसाठी (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं, असा निधी) होता, आणि संस्थांनी स्वतःही भर घालावी अशी अट होती. कल्पना उत्तम. पण हंगाम लांबले, वादकांना वर्षभराचं काम मिळालं (ते मिळायलाच हवं होतं), आणि खर्चाची पातळी जी वर गेली ती कायमची. निधी वाढला, त्यापुढे खर्च धावला, तुटी राहिल्याच.

न्यूयॉर्क सिटी ऑपेरा १९४३ पासूनची संस्था. नूतनीकरणामुळे २००८-०९ च्या हंगामात तिचं नाट्यगृह बंद होतं. तिकिटांचं उत्पन्न आटलं, आणि रोजचा खर्च भागवायला कायम निधीतून मोठी उचल झाली. २०१३ मध्ये दिवाळखोरी. एकदा मुद्दलाला हात लागला की व्याज घटतं, व्याज घटलं की पुन्हा मुद्दलाला हात. तेव्हा राखीव निधी नुसता असून उपयोग नाही. तो कोणाच्या सहीनं, कशासाठी काढायचा आणि किती दिवसांत परत भरायचा, हे लिहून ठेवलं पाहिजे, आणि तेही निधी रिकामा असताना. भरल्यावर सगळ्यांनाच कल्पना सुचतात.

२०२० मध्ये ब्रिटिश सरकारनं संस्कृतिक्षेत्राला सावरायला १५७ कोटी पौंड जाहीर केले. तो आणीबाणीचा पैसा होता, आणि वेळेला तोच लागतो. पण बुडत्याला वर काढणं वेगळं आणि तो पुन्हा बुडू नये म्हणून पाच वर्षं आधी देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून तो दुर्मिळ.

शनिवार

बैठक झाली. अध्यक्षांना या पैशांतून दुसरं केंद्र सुरू करायचं आहे. ‘वाढलो नाही तर टिकणार कसे?’ मी म्हटलं, ‘अहो, दुसरं केंद्र म्हणजे दुसरं भाडं, दुसरा विमा, दुसरा रखवालदार. अनुदान तीन वर्षांचं, भाडं कायमचं.’ ते म्हणाले, खजिनदारांना स्वप्नं पडत नाहीत. पडतात की; त्यात महिनाअखेर नसतो.

मग मी माझी यादी ठेवली. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी, तीन वर्षांत हप्त्याहप्त्यानं. व्यवस्थापकबाईंचा पूर्ण पगार, वेळेवर. जुन्या दिव्यांची दुरुस्ती, जी आम्ही दरवर्षी पुढे ढकलतो. वर्गणीदार सांभाळायला अर्धवेळ एक माणूस, कारण वर्षानुवर्षं थोडं थोडं देणारे लोक हाच खरा आधार, आणि त्यांना साधं आभाराचं पत्र जात नाही. नवीन उपक्रम: शून्य. टेबलाभोवती शांतता. ‘शून्य लिहिलं तर देतील का?’ हा प्रश्न रास्त होता.

देणाऱ्यांच्या बाजूनंही काही हललं आहे. अॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड या ना-नफा संस्थांच्या अमेरिकन सल्लागारांनी २००९ मध्ये लिहिलं की आस्थापना खर्च कमी दाखवण्याच्या चढाओढीत संस्था स्वतःलाच उपाशी ठेवतात, आणि तो खोटा आकडा पाहून देणारे पुढच्या वेळी आणखी कमीची अपेक्षा धरतात. फोर्ड फाउंडेशननं २०१६ पासून पाच-पाच वर्षांची, बरीचशी मोकळी अनुदानं दिली. म्हणजे विचारायला हरकत नव्हती. दुपारी अनुदान अधिकाऱ्यांना सरळ लिहिलं: राखीव निधी खर्चात धरता येईल का, आणि १० टक्क्यांची मर्यादा संस्थेच्याच बळकटीला कशी लागू होते?

संध्याकाळी उत्तर आलं. मर्यादेबद्दल वरिष्ठांना विचारून सांगतील. राखीव निधीसाठी रकाना नाही, पण ‘इतर’ मध्ये लिहा, सोबत वापराचे नियम जोडा, मी समितीपुढे ठेवते, असं म्हणाल्या. सर्वांत मोठी रक्कम ‘इतर’ मध्ये जाणार तर. नियमांचा मसुदा उद्या करते. पहिला नियम: दोन सह्या, त्यातली एक अध्यक्षांची नाही. यावर पुढच्या बैठकीत रण माजणार आहे.