इमानी आणि मतलबी

कुत्रा इमानी आणि मांजर मतलबी, हा निकाल आपल्याकडे इतक्या पूर्वी लागलेला आहे की त्यावर अपील करावे असे कोणाच्या मनातही येत नाही. साताऱ्यात तर कुत्र्याच्या बाजूने दगडी पुरावाच उभा आहे. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या संगम माहुलीत थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. भर दरबारात त्याला भरजरी वस्त्रे घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवल्याची कथाही प्रसिद्ध आहे. मांजराला असा मान कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. धान्याची कोठारे उंदरांपासून राखण्याची चाकरी मात्र त्याच्या पूर्वजांनी हजारो वर्षे बिनपगारी केलेली आहे.

आमच्या शाहूपुरीतल्या घरात दोन्ही पक्ष नांदतात. मोत्या हा गावठी कुत्रा आणि मनी ही मांजरी. (नावे ठेवण्यात कल्पकता दाखवली नाही, हे मुलांनी ऐकवून झालेले आहे.) मोत्याने चप्पल कुरतडली की त्याचे जे ध्यान होते ते पाहण्यासारखे असते. कान मागे पडतात, शेपूट पायांत जाते, नजर आपल्याकडे सोडून सगळीकडे फिरते आणि अंग भिंतीला घासत तो कोपरा गाठतो. शेजारच्या काकू हे पाहून दर वेळी म्हणतात, "बघा, चोराच्या मनात चांदणं! कळतं हो त्याला सगळं."

काकूंच्या या मताची तपासणी झालेली आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मालकाने कुत्र्याला खाऊला तोंड लावायचे नाही असे बजावून खोलीबाहेर जायचे होते. तो परत आल्यावर त्याला कुत्र्याने खाऊ खाल्ला किंवा खाल्ला नाही असे सांगितले जाई, आणि ते सांगणे काही वेळा मुद्दाम खोटे असे. अपराध्याचा चेहरा खरोखर खाऊ खाणाऱ्या कुत्र्यांचा जास्त होता असे काही दिसले नाही. तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता, आणि काही न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडावर तर तो अधिकच ठळक उमटला. म्हणजे ज्याला आपण कबुलीजबाब समजतो, ते आपल्या चढलेल्या आवाजाला आणि ताठलेल्या अंगाला दिलेले उत्तर असते. राग निवावा म्हणून केलेली ती मनधरणी असते. सकाळच्या चपलेचा हिशेब संध्याकाळी कामावरून आल्यावर मांडणाऱ्या घरांत त्या बिचाऱ्याला कशाचा मार बसतो याचा पत्ता लागत नसावा. त्याला एवढेच उमगते की हा माणूस दारातून आत येतो तेव्हा कधीकधी जपून राहावे.

मांजराच्या बाबतीत आपली समजूत याच्या उलट बाजूला घसरते. मनीचे म्यांव हा तिचा जन्मजात स्वभाव आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पिल्ले आईला म्यांव करून हाक मारतात, पण मोठी मांजरे आपसांत तसे क्वचितच करतात. मोठेपणी हा आवाज ती मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना २००९ मध्ये असेही आढळले की खाणे मागताना मांजराच्या गुरगुरण्यात तान्ह्या मुलाच्या रडण्याशी जुळणारा एक उंच स्वर मिसळलेला असतो. पहाटे आमच्या घरात हा स्वर फक्त पत्नीच्या उशाशी लागतो. मी उठत नाही हे मनीने केव्हाच हेरलेले आहे. जपानमध्ये २०१९ साली मांजरांना स्वतःचे नाव ओळखता येते हे दाखवून दिले गेले, आणि त्या ओळखीची पावती म्हणून बहुतेक मांजरांनी कान किंवा मान हलवण्यापलीकडे काही केले नाही. मला यात मतलबीपणा दिसत नाही. हाक ऐकू आली आणि कामाची वाटली नाही, असे तिने प्रामाणिकपणे कळवले, इतकेच. ती समोर बसून सावकाश डोळे मिटते आणि उघडते, तेही निवांतपणाचे आणि सलोख्याचे लक्षण मानले जाते. डोळे मिटून दूध पिण्याचा आरोप ठेवणाऱ्या आपल्या म्हणीने हे कधी विचारात घेतले नाही.

म्हणजे घरात आपल्याला दिसतो तो मोत्या आणि दिसते ती मनी बऱ्याच अंशी आपल्याला उद्देशून वागत असतात. त्यांचे स्वतःचे जग पाहायचे तर ती आपल्याशी बोलत नसतानाच पाहावे लागते. सकाळी चार भिंती या साताऱ्यातल्या स्मारकाच्या रस्त्याला मोत्या एखाद्या दगडापाशी थांबतो आणि हलत नाही. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख, तर कुत्र्याच्या २० कोटींच्या पुढे असतात असे मानले जाते. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर पडत असल्यामुळे हुंगत असलेला वास उडून जात नाही. जवळ वाकून पाहिले तर त्या चिरा फडफडताना दिसतात आणि दगडावरची धूळ मागे सरकते. संध्याकाळी मोती चौकात घटकाभर उभे राहिले की गावात कोण आले, कोण गेले आणि कोणाचे काय बिनसले हे जसे कळते, तसे त्या दगडापाशी त्याला कळत असणार. बरोबरची निवृत्त मंडळी पावले मोजत पुढे निघून जातात आणि वळणावरून "ओढा की त्याला!" असे ओरडतात. मी पट्टा सैलच ठेवतो.

परतल्यावर मनी शेपूट उभी धरून दारात येते, मोत्याचे तोंड आणि पंजे क्रमाने हुंगते आणि फेरीचा सगळा वृत्तान्त एका शब्दाविना घेते. मग माझ्याकडे वळून म्यांव करते, कारण खाण्याचा डबा उघडता येणारा आणि वास न कळणारा घरात मीच असतो.