तुम्ही विचारलंत म्हणून: ‘होय साहेब’

निवृत्तीनंतर साताऱ्यात राहायला आल्यापासून कायद्याचे विद्यार्थी मला एकच प्रश्न विचारतात: मॅडम, घरात कोणी वकील नसताना तुम्ही फौजदारी न्यायाधीश कशा झालात?

घरात वकील नव्हता, पण कोर्ट होते. कोरेगाव तालुक्यातील आमच्या बांधाचा दावा वर्षानुवर्षे चालला होता आणि शाळेला सुट्टी असली की मीही वडिलांबरोबर तारखेला जात असे. उलटतपासात समोरच्या वकिलांनी विचारले, ‘नांगरताना बांध थोडाफार कोरला जातो, हे खरे ना?’ कोट घातलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, या संकोचाने वडील ‘होय साहेब’ म्हणाले. त्या दोन शब्दांनी दावा घालवला, असे ते अखेरपर्यंत सांगत. पुढे मी निकालपत्र वाचले, तेव्हा कारणे आणखीही दिसली. ती त्यांना सांगितली नाहीत.

साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयातून पदवी, एका फौजदारी वकिलांकडे सहा वर्षे उमेदवारी, लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि जिल्ह्याबाहेर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून पहिली नेमणूक, एवढाच माझा प्रवास. या परीक्षेसाठी तीन वर्षे वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा लागू केली. मुलांना ती जाचक वाटते, मला वाटत नाही.

न्यायाधीश म्हटले की आमच्याकडे माहुलीचे रामशास्त्री आठवतात, प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरवणारे. माझ्यासमोर मात्र चोरी-मारामारीचे खटले असत आणि मला तीन वर्षांपर्यंतच कारावास देता येई.

तशाच एका चोरीच्या खटल्यात माझी चूक झाली. सरकारी पुरावा संपल्यावर त्यातील आरोपीविरुद्धची प्रत्येक गोष्ट त्याला विचारावी लागते; तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१३ होते, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५१ आहे. पंचनामा, जप्ती, आरोपीने काढून दिला म्हणून दाखवलेला पितळी हंडा आणि पंचांची साक्ष असे सगळे मी सात ओळींच्या एकाच प्रश्नात कोंबले. निरक्षर आरोपी म्हणाला, ‘होय साहेब.’ (बाई असले तरी मी साहेबच.) मी ते लिहून घेतले आणि शिक्षा दिली. अपिलात सत्र न्यायालयाने ती रद्द केली आणि जबाब नव्याने नोंदवण्यासाठी प्रकरण माझ्याकडेच परत पाठवले. तो आदेश वाचताना मला कोरेगावचा साक्षीदाराचा पिंजरा दिसत होता.

दुसऱ्या वेळी मी त्या सात ओळींचे पाच प्रश्न केले आणि प्रत्येक प्रश्न त्याला कळला का, हे त्याच्याच शब्दांत वदवून घेतले. चौथा प्रश्न होता, ‘हंडा तुम्ही काढून दिला का?’

‘नाही साहेब. हंडा आधीच जीपमध्ये होता. मी नुसता अंगठा दिला.’