करी अजून पळतोय

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात राहायला आलं की बास्केटबॉलपासून सुटका नसते. ऑफिसात, सलूनमध्ये, मुलांच्या शाळेच्या गेटपाशी एकच विषय: इथला संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स, आणि त्यातही त्यांचा हुकमी खेळाडू स्टेफ करी. हल्ली बोलणं हमखास एकाच प्रश्नावर येतं, "अजून किती वर्षं खेळेल?" सचिनच्या शेवटच्या दिवसांत आपल्याकडे टपरीटपरीवर हेच चालायचं.

मला हा प्रश्न आवडत नाही. करी बॉल हातात नसताना काय करतो, ते बघा. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे असतो, त्यामुळे हे निसटतं. वॉरियर्सच्या स्टेडियममध्ये, चेस सेंटरमध्ये, वरच्या, त्यातल्या त्यात स्वस्त रांगेत बसलं की दिसतं. गडी थांबतच नाही. सहकाऱ्याच्या आडोशाने निसटतो, कोपरा गाठतो, तिथून उलटा वळतो आणि मागे पंचविशीतला एखादा तगडा पोरगा त्याच्या जर्सीला हात घालत धावत असतो. दुसऱ्या बाजूला समोरचा संघ मुद्दाम त्याच्याच अंगावर चाल करून येतो. वय झालंय ना, दमवा त्याला! खेळ क्षणभर थांबला की तो गुडघ्यांवर हात टेकून वाकतो. शिट्टी वाजली की परत पळायला लागतो. आणि याच माणसाच्या घोट्यावर २०११ आणि २०१२ अशा लागोपाठच्या वर्षी शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची फायनल तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. फ्रान्सच्या वीस वर्षांच्या व्हिक्टर वेम्बन्यामाने २६ गुण केले, शेवटच्या टप्प्यात अमेरिकेची आघाडी तीनवर आणली गेली. तिथून करीने शेवटच्या तीन मिनिटांत चार थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट) मारले. शेवटचा तर दोघेजण अंगावर असताना! अमेरिका ९८-८७ ने जिंकली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये, ३७ व्या वर्षी, वेम्बन्यामा ज्या संघाकडून खेळतो त्याच्याच सॅन अँटोनिओ शहरात जाऊन त्याने लागोपाठच्या दोन सामन्यांत ४६ आणि ४९ गुण केले. दुसरा सामना वॉरियर्सनी एका गुणाने काढला.

नेहमी असंच होतं असं नाही. २०२५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, मिनेसोटाच्या संघाविरुद्ध पहिल्याच सामन्यात करीचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावला. तो सामना जिंकला, पण त्याच्याशिवायचे पुढचे चारही गेले. मिनेसोटाचा तरुण स्टार अँथनी एडवर्ड्स आणि मंडळींनी जराही दया दाखवली नाही. मला ते योग्यच वाटलं. इथे ज्येष्ठांचा मान राखून कुणी ढील देत नाही, आणि करीला ती दिलेली खपणारही नाही. हरवायचंय तर पूर्ण ताकदीने हरवा, ही त्याची रग. नव्या पोरांनीही ती बरोबर ओळखली आहे.

मुलांकडे इकडे येणार असाल आणि हंगाम चालू असेल, तर एक सामना जरूर बघा. तिकीट महाग आहे, पण दार उघडल्याबरोबर आत शिरा. सामन्याआधी करी दोन्ही हातांनी दोन बॉल टप्पे देत सराव करतो, तो अजिबात चुकवू नका.