राजाराम बंधाऱ्यावरची सकाळ
पर्यावरण धोरणाचा अभ्यास आणि त्यावरचे लेखन हाच माझा व्यवसाय असल्याने कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे मी आजवर कितीतरी वेळा लिहिले आहेत. आज सकाळी राजाराम बंधारा पाहून परतताना नदीकाठच्या एका आजींनी घराच्या भिंतीवर २०१९ च्या महापुराची गाळकट रेघ दाखवली, ती माझ्या डोक्याच्याही वर होती. १९७४ चा जलप्रदूषण कायदा मी कलमवार वाचला आहे. मात्र पूर ओसरल्यावर विहीर किती दिवस उपसावी लागते, हे मी कोणाला कधी विचारलेच नव्हते. आजींचे बोलणे वहीत जसेच्या तसे उतरवले आहे आणि नवा लेख तेथूनच सुरू होईल.