वहिनींची थाई, आईची मराठी आणि मधली इंग्रजी

दादानं बँकॉकमध्ये लग्न केलं त्याला आता दीड वर्ष झालं. वहिनी कांचनाबुरीच्या. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला बरं वाटलं होतं कारण ते सरळ कांचनपुरी आहे, आणि आमच्या बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आईला सुद्धा ते एका दमात तोंडात बसलं. पण नाव बसलं म्हणून भाषा बसत नाही. वहिनींना मराठी येत नाही, आईला इंग्रजी येत नाही, मग सगळं बोलणं मोबाईलमधल्या भाषांतराच्या अॅपवर, आणि ते चालवायचं काम माझ्याकडं. तिथूनच मी थाई शिकायला लागलो. अॅपवर भाषा शिकता येते का असं खूपजण विचारतात म्हणून आज सविस्तर लिहितोय.

एक प्रसंग सांगतो. वहिनी पहिल्यांदा गावाला येणार होत्या, दादाची सुट्टी चार दिवस उशिरा मंजूर झाली म्हणून त्या एकट्याच पुढं आल्या. बेळगावच्या सांबरा विमानतळावर आणायला मामा जाणार होता. मी मराठीत टाइप केलं "मामा तुम्हाला न्यायला येईल", थाईत आलं "लुङ". वहिनी बाहेर येऊन एखादा वयस्कर माणूस शोधत अर्धा तास उभ्या, आणि आमचा मामा समोरच उभा, वय अडतीस, आईच्या पाठचा भाऊ. शेवटी फोनवर मिटलं, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. थाईत लुङ म्हणजे आईचा किंवा वडिलांचा मोठा भाऊ, आईपेक्षा लहान असेल तर तो "ना". म्हणजे त्यांच्याकडं आईपेक्षा मोठा की लहान हे ओळखायला शब्द आहे, आमच्याकडं आईचा भाऊ ओळखायला शब्द आहे, आणि अॅपनं मध्ये अंकल घालून दोन्ही घालवले!

हे असं का होतं तर मशीन भाषांतर शिकतं ते दोन भाषांतल्या जोडीच्या वाक्यांवरून, माणसांनी आधी केलेल्या लाखो भाषांतरांवरून. इंग्रजी-थाई अशा जोड्या भरपूर, इंग्रजी-मराठी पण बऱ्यापैकी, पण मराठी-थाई अशा कोण करणार? मग काम बहुतेक इंग्रजीच्या पुलावरून होतं. आणि इंग्रजीत जे सांगावंच लागत नाही ते पुलावरच पडतं.

आईचंच बघा. तिनं सांगितलं लिही की "मी आत्ताच शेतातून आले". "आले" या एका शब्दात बोलणारी बाई आहे हे आलं की नाही? थाईत क्रियापदाला लिंग नसतं पण आदरानं बोलताना वाक्याच्या शेवटी पुरुष "ख्रप" लावतो आणि बाई "ख" लावते, "मी" साठीसुद्धा पुरुष "फोम" म्हणतो. म्हणजे मराठीत माहिती आहे आणि थाईला तीच माहिती पाहिजे, तरी वहिनींना मेसेज गेला फोम आणि ख्रप लावून, त्यांना वाटलं बाबांनी पाठवलाय. मला याचं खरंच वाईट वाटलं, कारण आई त्यांच्याशी पहिल्यांदाच स्वतःहून काहीतरी बोलायला गेली होती.

आम्ही सीमाभागातली माणसं, भाषांतर आमच्या रोजच्या जगण्यातच आहे. शाळा मराठी, बँकेतला फॉर्म कन्नड, बसवरची पाटी कन्नड, बाजारात दोन्ही. "ऊट आयता" म्हटलं की "जेवण झालं काय" हे सरळ कानात उमटतं, मध्ये तिसरी भाषा लागत नाही. आणि थाईत पण भेटल्यावर विचारतात "किन खाव रू यङ", शब्दशः भात खाल्लास की अजून नाही. हे मला कुणी इंग्रजीतून समजवायला लागलं असतं तर फुकटच लांबलं असतं, आमच्या गल्लीत संध्याकाळी उभं राहिलं की हेच ऐकू येतं.

भातावरून आठवलं, आमचा तालुका भाताचा, त्यामुळं यावर मी बराच वेळ घालवला. शेतात असतं ते भात, गिरणीतून आले की तांदूळ, आणि ताटात वाढला की परत भात. थाईत सगळ्याच्या पुढं "खाव" आणि नंतर टरफलासकट असेल तर "खाव प्लुअक", टरफल काढलेला तांदूळ "खाव सान", शिजलेला "खाव सुअय". बँकॉकचा तो पर्यटकांचा प्रसिद्ध खाव सान रस्ता म्हणजे तांदळाचा रस्ता, तिथं पूर्वी तांदळाचा बाजार होता. आता अॅपमध्ये मी "यंदा भात चांगलं आलंय" लिहिलं तर वहिनींनी विचारलं कुठल्या हॉटेलात! आता मी अशा वेळी नुसतं "भात" लिहीत नाही, "शेतातलं भाताचं पीक" असं फोड करून लिहितो, मग बरोबर जातं. आणि पाठवण्याआधी आलेलं थाई वाक्य परत मराठीत उलटं करून बघतो. उलटं बरोबर आलं म्हणजे बरोबरच असं नाही, पण मोठी चूक असेल तर तिथं दिसते. लहान वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि आमची बोली नाही, "काय करूलास" लिहिलं की अॅपला काहीच कळत नाही, "काय करतोस" लिहावं लागतं.

वाचायच्या बाबतीत अॅपची गरज वेगळी आहे. थाईत दोन शब्दांच्या मध्ये जागाच सोडत नाहीत, सगळं सलग. एकच अक्षरं "ता क्लोम" अशी तोडली तर गोल डोळे, "ताक लोम" अशी तोडली तर वारा खाणं. मशीन आजूबाजूचे शब्द बघून तोडतं आणि बहुतेक वेळा बरोबर तोडतं, त्यासाठी मी त्याला मानतो.

उच्चारासाठी मात्र रोमन अक्षरं बघू नका ही माझी कळकळीची विनंती. पाच स्वर आहेत म्हणजे आवाजाची चढउतार, आणि साध्या रोमनमध्ये ते दिसतच नाहीत. "क्लाय" सपाट म्हटलं तर लांब, वरून खाली उतरवलं तर जवळ. वहिनींनी विचारलं बेळगाव किती लांब, मला सांगायचं होतं जवळच, पंचवीस-तीस किलोमीटर, मी सपाट म्हटलं आणि त्यांनी प्रवासाची तयारी सुरू केली. तेव्हापासून वही देवनागरीत. आमच्याकडं क-ख, त-थ, प-फ वेगळे आहेतच, थाईला तेच पाहिजे, आणि वर पेनानं चढउताराचा बाण. शब्दाच्या सुरुवातीला येणारा ङ सुद्धा लिहिता येतो, त्यांच्याकडं काम म्हणजे "ङान".

आणि एकदा कान बसला की ओळखीचे शब्द वर यायला लागतात. गुरुचा ख्रू, भाषेचं फासा, नगरचं नखोन, आहारचं आहान. ग चा ख, भ चा फ, शेवटचा र आला की न. टेलिफोनला थोरसप म्हणतात, तो दूरशब्द. हे कुठल्याच अॅपनं मला दाखवलं नाही, वहिनी हळू बोलल्या तेव्हा कळलं.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नात्यांची यादी केली. आईवडिलांपेक्षा मोठे असतील तर पुरुष लुङ आणि बाई "पा", मग आईकडचे असोत की वडिलांकडचे. लहान असतील तर आईकडचे सगळे "ना" आणि वडिलांकडचे सगळे "आ", बाई असो की पुरुष. आई बाजूला तांदूळ निवडत ऐकत होती, म्हणाली, "मग मोठा मामा नि मोठे काका यात फरक कसा करतात?" मी ते लिहून अॅपमध्ये टाकणार तेवढ्यात थांबलो आणि माझ्या मोडक्या थाईतच विचारलं. वहिनी म्हणाल्या, पुढं नाव लावतो. आईनं मान हलवली आणि म्हणाली, होय की, आमच्यात पण तसंच करतात.