पळस पेटलाय!

आज घाटातून येताना पळस दिसला आणि गाडी बाजूला घेतलीच. अंगावर एक पान नाही, नुसता केशरी! फोटो सगळेच काढतात, मीही काढले. पण हे झाड फुलांपलीकडेही फार कामाचं. फुलं उकळून रंगपंचमीचा रंग व्हायचा. पानांच्या पत्रावळी-द्रोण, मुळांच्या धाग्यांचे दोर. मुंजीत बटूच्या हाती दंड पळसाचा, होमात समिधा पळसाच्या. चपट्या शेंगेतलं एकुलतं बी, म्हणजे पळसपापडी, जंतांवर द्यायचे (वैद्याला विचारल्याशिवाय घरी प्रयोग नकोत हं!).

मला मात्र सगळ्यात भारी वाटते ती लाख. इवलेसे किडे कोवळ्या फांद्यांचा रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. ते खरवडून, शुद्ध करून त्याच्या बांगड्या होतात, लाकडी खेळण्यांना चकाकी येते, लखोट्यांवर मोहोर उठते.

आमच्या सोसायटीत गुलमोहर लावायचं चाललंय. मादागास्करहून आलेला पाहुणा, दिसतो छानच. पण पुढच्या मीटिंगला मी पळसाचं नाव पुढे करणार. कोण कोण हात वर करणार, सांगा!